घरोघरी पांढरी रुई

वारंगा फाट्यावर पंक्चर काढणाऱ्या नेमसिंग राठोडाला कोणी सहज विचारलं, की बाबा तुझी लग्नं किती, तर तो चार सांगतो. विचारणारा तांड्यातला असला तर गालातल्या गालात हसतो. बाहेरचा असला तर बुचकळ्यात पडतो, कारण फाट्यावर सगळ्यांना तीनच ठाऊक. पहिली जिवनबाई, दुसरी दिपा आणि आता घरात आहे ती मिराबाई. मग ही चौथी कोण, असं कोणी पुढं विचारलंच तर नेमसिंग पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवतो, आणि विचारणाऱ्याच्या तोंडाकडं न बघता बुडबुड्यांकडं बघत सगळं सांगून टाकतो. एकदा अख्ख्या तांड्यापुढं ओरडून सांगितलेली गोष्ट आता झाकून ठेवायची तरी कशाला?

तसा माणूस सरळ. ट्यूबला एक भोक असलं तर एकच दाखवणार, गिऱ्हाईक घाईत आहे म्हणून दुसरं स्वतः पाडणार नाही. फाट्यावर पंक्चरवाल्यांबद्दल लोक काय काय बोलतात ते बघता हे फार झालं. पण सरळ माणसाचं एक वाईट असतं. त्याला खोटं बोलायची सवय नसते, त्यामुळं एकदा बोलला की त्याला ते निस्तरता येत नाही. नेमसिंगाचं तेच झालं.

जिवनबाई गेली साप चावून, सोयाबीन काढताना. तिला बांधावर निजवून नेमसिंग मंत्रानं विष उतरवणाऱ्याला आणायला धावला होता. तो त्याला घेऊन आला तेव्हा शेतात बाया रडत होत्या. दिपाला कावीळ झाली. तिच्या वेळी नेमसिंग कुठलीशी मुळी देणाऱ्या वैदूच्या शोधात तीन बस बदलून गेला आणि मुळी घेऊन आला तर दिपा नव्हती. दोन्ही वेळा लोकांनी त्याचं कौतुक केलं. बायकोसाठी माणूस किती पळाला, असं म्हणाले. नेमसिंगालाही ते खरंच वाटलं.

दिपा गेल्यावर त्याची थोरली बहीण पारुबाई घायकुतीला आली. ती कुरुंद्याजवळच्या तांड्यात दिलेली. तिनं तिकडंच मिराबाईचं स्थळ पाहिलं. मिराबाईला पहिल्या नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून माहेरी आणून सोडलेलं, बाई कामाला वाघीण आणि तोंडाला फटकळ. सगळं जमलं आणि मग पारुबाईच्या डोक्यात ते शिरलं.

"नेम्या, तू आता तिजवर. तिजवराची तिसरी टिकत न्हाई."

"मंग?"

"मंग तिसरं लगीन रुईसंग लावायचं."

ही रीत तांड्यातली नव्हे. गोरमाटी म्हणजे बंजारा माणसानं रुईच्या झुडपाशी लग्न लावलेलं नेमसिंगाच्या बापजाद्यांनी ऐकलं नसेल. पण पारुबाईनं कुरुंद्याकडच्या एका घरी ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तिला ते पटलं होतं. नवऱ्यानं रुईला हळदीचा दोरा बांधायचा, अक्षता टाकायच्या आणि लग्न लागलं की तिथल्या तिथं कोयत्यानं ती मुळापासून तोडायची. तिसरी मेली. मग जी खरी नवरी घरात येते ती चौथी, आणि चौथीला धोका नाही. खऱ्या नवरीला मात्र यातलं काही सांगायचं नाही.

गायरानात रुईचं रान होतं. सगळी जांभळट फुलांची. मधेच एक पांढऱ्या फुलांची, छातीएवढी उंच. पारुबाई म्हणाली, ही शुभ, हीच घ्यायची. नेमसिंगानं दोरा बांधला, दोऱ्यात हळकुंड होतं. अक्षता पडल्या. पारुबाईनं त्याच्या हातात कोयता दिला आणि पाठ फिरवून उभी राहिली, कारण ते बघायचं नसतं.

नेमसिंग कोयता धरून उभा. रुई वाऱ्यानं जराशी हलत होती आणि तिच्या गळ्यात त्यानं आत्ताच बांधलेला दोरा होता. दोघींना पोचवून आलेला माणूस तो, तिसरीला आपल्याच हातानं मारायचं त्याला जमेना. त्यानं बाजूची एक फांदी तोडली. पांढरा चीक पात्यावर ओघळला. तो कोयता त्यानं बहिणीला दाखवला.

"तोडली?"

"तोडली."

एवढंच बोलला. पुढचं सगळं त्या एका शब्दातून उगवलं.

मिराबाई घरात आली आणि घर बोलायला लागलं. ती भांड्यांशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, नेमसिंग तर समोरच असायचा. तिच्या हाताला माती लागली की काहीही जगायचं. नेमसिंग फाट्यावरून घरी येताना आता पावलं उचलून टाकायचा. दोन वर्षं अशी बरी गेली. गायरानातलं ते झुडूप तो विसरत चालला होता.

मग रस्ता चौपदरी व्हायला निघाला. फाट्याच्या दोन्ही अंगांनी जेसीबी फिरू लागले, आणि बाभळी, तरवड, रुई सगळं खरडून निघू लागलं. गायरानाचाही निम्मा भाग त्यात जाणार होता. एके दिवशी नेमसिंग संध्याकाळी घरी आला तर दाराशी ऑईलचा कापलेला डबा, डब्यात माती आणि मातीत रोवलेली रुईची फांदी. डब्याच्या कडेला हळदीचा विटलेला दोरा आणि त्यात हळकुंड.

"बघा तर काय गावलं!" मिराबाई आनंदानं म्हणाली. "पांढरी रुई! कुनीतरी नवसाचा दोरा बांधेल होता. उद्या जेसीबी तिच्यावरून जानार. म्हनलं फांद्या तरी आनाव्या."

नेमसिंग उंबऱ्यावरच बसला. मिराबाईला वाटलं उन्हाचं झालं, तिनं पाणी आणून दिलं. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण काय सांगणार? की तुझ्या आधी मी हिच्याशी लग्न लावलं, कारण तू मरशील असं मला वाटत होतं? तो पाणी प्याला आणि त्यानं तांब्या खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी गायरानातली मूळ रुई खरंच गेली. नेमसिंगानं जाऊन पाहिलं, तिथं नुसती लाल माती होती. त्याला वाटलं, सुटलो, आपल्या हातून झालं नाही ते जेसीबीनं केलं. पण घरी आला तर डब्यातल्या फांदीला कोवळं पान फुटलं होतं.

मिराबाईचं रुई लावणं हा एक बघण्यासारखा प्रकार. लोक म्हणायचे, रानात फुकट उगवणारी वस्तू, तिची एवढी बडदास्त कशाला? ती म्हणायची, रान ठेवलं कुठं तुमच्या रस्त्यानं? अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी ती तिरकी कापायची. कापलेल्या टोकाला चुलीतली राख लावायची आणि ती तशीच सावलीत टाकून द्यायची. चीक वाहायचा थांबून टोक सुकलं की मगच मातीत. मातीत निम्मी वाळू. पाणी अगदी बेतानं, जास्त झालं की बुडखा सडतो. ऑईलचे डबे आणि फाटके टायर तिला नवऱ्याच्या दुकानातून हवे तेवढे मिळायचे. बोंडं फुटायच्या आत काढून तिनं बियाही लावून पाहिल्या. बियांच्या कापशी म्हाताऱ्या अंगणभर उडाल्या, रोपंही झाली, पण त्यांतल्या बहुतेकांना फुलं जांभळीच आली.

"बीचं काय सांगता येत न्हाई," ती नेमसिंगाला समजावून सांगायची. "फांदी लावली की मातर तीच येती. फांदीचं झाड म्हंजी दुसरं झाड न्हवं. तेच. तिचंच अंग."

नेमसिंग ताट सरकवून उठायचा.

पांढरी रुई दारात असावी असं सगळ्यांनाच वाटतं. शनिवारी मारुतीला पानांची माळ लागते, गणपतीला फुलं लागतात. मिराबाईनं कोणाला नाही म्हटलं नाही. आधी धर्मसिंग नाईकाच्या दारात एक गेली, मग शेजारी, मग अख्ख्या ओळीत, मग फाट्यावरच्या चहावाल्याकडं. नेमसिंग सकाळी दुकानावर निघाला की दोन्ही बाजूंना त्याची तिसरी बायको उभी. तो खाली बघून चालायचा. अंगणात आंघोळ करायची तर रुईकडं पाठ करून, लुंगी घट्ट आवळून. मिराबाई हसायची, एवढं काय लाजता म्हणायची. बायकोपासून चोरी आणि झाडापासून लाज, असा त्याचा संसार चालला होता.

त्या झाडांवर काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या यायच्या आणि पानं कुरतडायच्या. पोरं त्यांना चिरडायला गेली की मिराबाई अंगावर जायची. अळीचा हिरवा कोष पानाखाली लटकायचा आणि एक दिवस त्यातून नारिंगी फुलपाखरू निघायचं. ते बघायला ती हातातली भाकरी तव्यावर सोडून यायची. नेमसिंगाच्या ताटात त्या दिवशी करपलेली भाकरी.

मिराबाईच्या संसाराचा सहावा पावसाळा होता. ती तापानं फणफणली. फाट्यावरच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी उतरेना, तेव्हा नेमसिंगानं तिला हिंगोलीला दवाखान्यात नेलं. डेंग्यू निघाला. पेशी कमी झाल्यात, असं डॉक्टर म्हणाले. सलाईन लागलं. नेमसिंग खाटेखाली पटकूर टाकून बसला. पहिल्यांदाच तो बायकोच्या दुखण्यात जवळ बसला होता, आणि तसाच बसून राहिला असता तर ही गोष्ट इथं संपली असती.

तिसऱ्या दिवशी पारुबाई आली. ती बऱ्याच वर्षांनी आधी तांड्यात उतरून मग दवाखान्यात आली होती. भावाला तिनं बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"नेम्या, तुज्या दारात पांढरी रुई कुठून आली?"

नेमसिंग व्हरांड्याचा कठडा नखानं खरवडू लागला.

"तू तोडली न्हवतीस."

"न्हाई."

पारुबाईनं कपाळावर हात मारला. "अरं, घरोघर उभी हाय की ती! अन् ही आत सलाईनवर! ती जित्ती हाय तवर तिसरी मेलीच न्हाई, म्हंजी ही तिसरीच. तुला कळतंय का काही?"

नेमसिंगाला कळत होतं. डब्यातल्या फांदीला पान फुटल्यापासून त्याला हेच कळत होतं. त्यानं आत डोकावून पाहिलं. मिराबाई डोळे मिटून पडली होती आणि ओठ कोरडे पडले होते. शेजारच्या खाटेशी कुरुंद्याची सोजराबाई बसली होती, तिच्या सुनेला बरं नव्हतं. तिला तो म्हणाला, "जरा बघा हिच्याकडं. येतोच मी." आणि बहिणीबरोबर बसस्टँडकडं धावला. हो, पुन्हा धावलाच.

तांड्यात त्यानं कोयता घेतला. पहिलं दार धर्मसिंग नाईकाचं. काय सांगावं ते सुचेना. नाईकाची सून बाहेर आली. तिनं त्याच्या हातातला कोयता पाहिला आणि तीच म्हणाली, "मिरानं छाटाया सांगितली व्हय?"

नेमसिंगानं मान हलवली. हो म्हणून.

पुढच्या प्रत्येक दारात मग त्यानं तेच सांगितलं. मिरानं सांगितलंय. कोणी अडवलं नाही, कोणी शंका घेतली नाही. तिचं झाड, तिनं सांगितलं म्हणजे त्यात काहीतरी बरं असणार. एकीनं तर स्वतः डबा उचलून पुढं आणून दिला आणि म्हणाली, "तिला सांगा, औंदा लय फुलं आल्ती. लवकर बरी हो म्हनावं." नेमसिंगानं तिच्या देखत रुई बुडातून तोडली. अळ्या मातीत पडल्या आणि पानं शोधत वळवळू लागल्या. पारुबाई मागून फांद्यांचा भारा उचलत होती. सगळ्यात शेवटी आपल्या दारातली. ती सगळ्यांत जुनी, तिचं खोड मनगटाएवढं झालेलं. या वेळी मात्र त्याचा हात थांबला नाही. सगळा भारा त्यानं घरामागं टायरांच्या ढिगावर फेकला.

परत दवाखान्यात पोचला तेव्हा दिवस कलला होता. दारातच सोजराबाई भेटली. "जय भीम, दादा. या. पानी मागून राहिली होती बिचारी, मी पाजलं. तुमाला लय हाका मारल्या."

"मी... जरा..."

"ठाऊक हाय आमाला," सोजराबाई हसून म्हणाली. "तिनंच सांगितलं. साऱ्या वार्डाला सांगून राहिली होती, माजा मानूस माज्या झाडाला पानी घालाया गेला. येवढ्या गडबडीत बी झाडाची याद ठिवतो म्हने. नशीब लागतं, बाई."

नेमसिंगाला वाटलं, फरशी फाटावी आणि आपण आत जावं. तो खाटेजवळ गेला. मिराबाई उठून बसली होती. तोंडावर जरा टवटवी होती. तिनं त्याचे हात पाहिले. चीक वाळून बोटं काळपट, चिकट झाली होती.

"छाटनी बी केली व्हय? बरं केलं, पावसाची छाटलेली चांगली फुटती. डोळ्याला हात लावू नका हं, चीक वाईट असतो." आणि तिनं मोकळ्या हातानं आपल्या पदराचं टोक त्याच्या बोटांवर घासायला सुरुवात केली. ते डाग पदरानं जाणारे नव्हते. त्याला हात मागं घेता येईना आणि पुढंही ठेववेना.

डॉक्टर आले, म्हणाले, पेशी वाढल्यात. पारुबाईनं भावाला कोपरानं ढोसलं, बघ म्हणून. "कालपासूनच वाढायला लागल्या होत्या," डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळता वळता म्हणाले. "आता घाबरू नका." पारुबाईनं ते ऐकलं नाही. नेमसिंगानं ऐकलं. काल तर सगळ्या दारांत रुई फुललेली उभी होती.

सांगायचं ठरवून तो रोज खाटेशी बसायचा आणि रोज चहा आणायला उठायचा. असं करता करता घरी जायचा दिवस आला.

ॲपेरिक्षा तांड्यात शिरली आणि मिराबाई बाहेर बघत राहिली. दारोदार डबे होते, टायर होते आणि त्यांत नुसते ठोंब. बाया गोळा झाल्या, तिच्या तोंडावरून हात फिरवला, कानाशी बोटं मोडली. मग नाईकाच्या सुनेनं विचारलं, "काहून गं मिरा, बुडापासून तोडाया लावली? अळी पडली का काय?"

नेमसिंग रिक्षावाल्याजवळ उभा होता. त्यानं डोळे मिटून घेतले. मिराबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच सांगितलं. अळी पडली होती."

आत गेल्यावर तिनं दार लोटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "आता सांगा."

त्यानं सांगितलं. गायरान, दोरा, कोयता, पारुबाई, सगळं. सांगताना तो तिच्या पायांकडं बघत होता.

"मंग मी कितवी?"

"चौथी."

"न्हाई. तुमी तर तोडली न्हवती. म्हंजी तुमच्या हिशेबानं मी तिसरीच. रोज मरनार होते मी. सा वर्सं तुमी माज्या हातची भाकर खाल्ली, मला मरताना बघून राहिले, अन् मला सांगितलं न्हाई."

"तुला वाचवाया तोडली, मिरा."

"मी पानी मागून राहिले होते," ती म्हणाली. "तुमी न्हवते तर मला वाटलं, झाडाला गेले. मी समद्यांना मोठ्या तोंडानं सांगितलं." तिचा आवाज फुटला. "मला लाज वाटून राहिली आता. तुमच्यापायी मी वार्डात खोटी पडले, अन् दारात खोटं बोलले."

नेमसिंगाला आयुष्यात बरीच लाज वाटलेली होती, पण ती सगळी स्वतःची होती. आपली लाज दुसऱ्याच्या डोळ्यांत बघायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली.

दुसऱ्या दिवशी मिराबाई घरामागं गेली. उभं राहवत नव्हतं, म्हणून टायरावर बसली. तिनं तोडलेल्या फांद्यांचा ढीग उलथापालथा केला. इतके दिवस पडून पडून टोकांवरचा चीक सुकला होता. अगदी लावण्याजोग्या झाल्या होत्या. तिनं मुद्दाम वाळवल्या असत्या तरी याहून बऱ्या झाल्या नसत्या.

"डबे भरा," ती म्हणाली. "निम्मी वाळू."

तिनं बोट दाखवायचं आणि त्यानं रोवायची. राख लावताना त्याचा हात चुकला की ती नुसतं "हं" म्हणायची. त्या दिवसांत त्या घरात तेवढंच बोलणं होतं. नेमसिंग दुकानावर जायचा, यायचा, बेतानं पाणी घालायचा. भाकरी वेळेवर मिळायची आणि करपलेली नसायची. त्याला त्या करपलेल्या भाकरीची फार आठवण यायची.

दसऱ्याच्या सुमारास फांद्यांना पानं फुटली. डब्यांत राहिलेले ठोंबही फुटले होते, पण मिराबाईला ते पुरेसं नव्हतं.

"आता घरोघर तुमीच न्या. अन् खरं सांगा. मी एकडाव तुमच्यासाठी खोटं बोलले, दुसऱ्यांदा बोलनार न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "आधी नाईकाच्या दारात न्या."

धर्मसिंग नाईक म्हणजे तांड्यातलं सगळ्यात जुनं माणूस आणि दोन्ही कानांनी ठार बहिरं. त्याला जेवायला हाक मारली की पलीकडच्या आळीतली कुत्री उठतात. मिराबाईनं पहिलं दार तेच का निवडलं, ते नेमसिंगाला दारात उभं राहिल्यावर कळलं.

"नाईक, ही रुई आनली," तो हळूच म्हणाला.

"आँ?"

"रुई! मागं मी तोडली होती ती!"

"मिरानं सांगितली होती नव्हं तोडाया?"

"न्हाई! मिरानं न्हाई सांगितलं! मी खोटं बोललो!"

"कोन बोललं?"

"मी! मी बोललो!"

शेजारचं दार उघडलं. मग त्याच्या पलीकडचं. नाईकानं हात कानामागं धरला. "काहून तोडली मंग?"

तेव्हा नेमसिंगानं भर दुपारी, तांड्याच्या मधोमध, नरड्याच्या शिरा ताणून सांगितलं, की मी रुईशी लगीन लावलं होतं, तिसरी म्हणून. हिला सांगितलं नव्हतं. ही आजारी पडली तशी मी हिच्या नावावर घरोघर जाऊन ती तोडली. पोरं हसायला लागली. एका बाईनं पदर तोंडात कोंबला. नेमसिंगाचे कान तापले होते, पण हसण्यापर्यंत सोसवत होतं. आता झालं, असं त्याला वाटलं.

नाईक हसला नाही. तो विचार करत होता.

"मिरा तवा दवाखान्यात होती न्हवं?"

"व्हय!"

"तू हितं कोयता घेऊन. मंग तिच्यापाशी कोन होतं?"

नेमसिंग खाली बघून काहीतरी पुटपुटला. नाईकानं कान आणखी पुढं केला. "काय म्हनतो? मोठ्यानं बोल."

"घरचं कोनी न्हवतं!"

पोरं हसायची थांबली.

"घरचं कोनीच न्हवतं, नाईक! जिवनबाईपाशी न्हवतं, दिपापाशी न्हवतं, अन् हिच्यापाशी बी न्हवतं! समद्यांच्या वक्ताला मी कुठंतरी धावूनच राहिलो होतो!"

नाईकानं मान डोलवली. डबा त्याच्या हातातून घेऊन उंबऱ्याशी ठेवला. आळीतल्या काही बाया मान खाली घालून आत गेल्या, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

नेमसिंग वळला. मागं मिराबाई उभी होती, धाप लागलेली, हातात दुसरा डबा. तिनं तो त्याच्यापुढं धरला.

"आता समद्यांनी ऐकलं की, मिरा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"ऐकलं," ती म्हणाली. "तुमी त्यांना सांगितलं न्हाई."

नेमसिंगानं डबा घेतला. पुढच्या दारात तीच बाई उभी होती, जिनं आपल्या हातानं रुई उचलून त्याच्यापुढं ठेवली होती. ती अवघडून म्हणाली, "ठिवा, दादा, ऐकलं मी." नेमसिंगानं डबा खाली ठेवला आणि तिच्या तोंडाकडं बघून, हळू आवाजात, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मिराबाई या वेळी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली नाही. पण घरीही गेली नाही.